महोगनी लावू का, असं विचारणाऱ्यांसाठी

हल्ली असे फोन फार येतात. "ताई, तुमची लाकडाची वखार आहे ना? महोगनीला पुढे भाव राहील का हो?" फोन करणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एखाद्या रोपवाटिकेचं रंगीत पत्रक असतं. एकरी इतकी झाडं, बारा-पंधरा वर्षांनी झाडामागे इतके घनफूट, घनफुटाला इतके रुपये, असा गुणाकार त्यावर मांडलेला असतो आणि उत्तर कोटीत येतं. गुणाकार चुकत नाही. फक्त त्यातला एकूण एक आकडा रोपं विकणाऱ्याने घातलेला असतो.

आमची वखार आणि सॉ मिल कराडच्या बाजूला आहे. मामंजींनी सुरू केलेली. आता मशीन आणि गिऱ्हाईक नवरा बघतो. खरेदी, मोजमाप आणि वनखात्याचे कागद माझ्याकडे. लाकूड कुठून येतं, कुठे जातं आणि मधे कुणाचं काय होतं, हे रोज समोर दिसतं. फोनवर हे सगळं सांगायला गेलं की समोरचा "बरं बरं, पण लावू की नको?" एवढंच विचारतो. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमच्या आवारात काय काय पडलंय ते आधी बघा. फाटकाजवळ पाइनच्या पट्ट्यांची थप्पी आहे. हा पाइन न्यूझीलंड किंवा उरुग्वेचा. जहाजाने कांडल्याला उतरतो, शेजारी गांधीधामला कापला जातो आणि ट्रकने इकडे येतो. त्याची पॅकिंगची खोकी आणि पॅलेट होतात. शेडखाली साग. त्यातला थोडा बल्लारशाच्या लिलावातला, बाकीचा घाना, इक्वेडोर, पनामा अशा ठिकाणच्या लागवडीतला. भिंतीच्या कडेने शेतकऱ्यांकडून आलेला माल: आंबा, बाभूळ, निलगिरी, कडुनिंब, थोडा मालकी साग. आणि अगदी मागे जळाऊ, ज्याचा मोठा हिस्सा स्मशानात जातो.

हे बघून नवीन माणूस हमखास विचारतो, "अहो, सह्याद्री तो समोर दिसतोय आणि तुम्ही न्यूझीलंडहून लाकूड आणता?"

आणतो. जंगल समोर असलं तरी ते बाजारात नाही. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वळवणं केंद्राच्या परवानगीशिवाय बंद झालं. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात सरकारने लिहूनच टाकलं की कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यावा, जंगलावर अवलंबून राहू नये. आणि मग १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आला. आमच्या धंद्यात 'शहाण्णवच्या आधी' आणि 'शहाण्णवच्या नंतर' असंच बोलतात. हे गोदावर्मन केरळातल्या निलांबूरच्या राजघराण्यातले. इंग्रजांनी १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू केली ती याच निलांबूरला. गुडलूर भागातली तोड बघून ते न्यायालयात गेले आणि निकालाने देशभरातल्या बिनपरवाना आरा गिरण्या बंद पाडल्या, ईशान्येकडच्या राज्यांतून बाहेर जाणारं लाकूड थांबवलं. २००२ पासून तर नव्या सॉ मिलला केंद्रीय समितीच्या मंजुरीशिवाय परवानाच मिळेना. २०१६ मध्ये नियम बदलले आणि तो निर्णय राज्यांच्या समित्यांकडे आला. मधल्या काळात मशीनपेक्षा भिंतीवर टांगलेला परवाना महाग झाला. मामंजी त्याची फ्रेम दर दिवाळीला स्वतः पुसायचे.

मग देशाला लागणारं लाकूड येतं कुठून? भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०११ च्या अहवालात हिशोब आहे. घरबांधणी, फर्निचर आणि कारखाने मिळून वर्षाला सुमारे ४.८ कोटी घनमीटर लाकूड लागतं. सरकारी जंगलांतून निघतं सुमारे ३२ लाख घनमीटर. म्हणजे गरजेच्या पंधराव्या हिश्श्याइतकं. जंगलाबाहेरच्या झाडांतून, म्हणजे बांध, पडीक रानं, कालव्याच्या आणि रस्त्याच्या कडा यांतून, सुमारे ४.२८ कोटी घनमीटर निघू शकतं असा अंदाज होता. २०२३ च्या अहवालात हा अंदाज ९.१५ कोटींवर गेला आहे. अंदाजच तो. पण तो निम्म्याने चुकला असं धरलं तरी देशाच्या लाकडाचं कोठार शेतात आहे, डोंगरात नाही, एवढं त्यावरून कळतं.

आता खरा प्रश्न. बांधावर एवढं लाकूड असेल तर पाइन कशाला, पनामाचा साग कशाला?

दोन वर्षांमागे एक तात्या आले होते. नव्वदच्या दशकात सागाच्या जाहिरातींचा जो पूर आला होता, त्यात त्यांनी मुरमाड रानात साग लावलेला. ते दिवस आठवत असतील तर आठवा: हजार रुपये भरा, एक झाड तुमच्या नावावर, वीस वर्षांनी पन्नास हजार, अशा छापाच्या योजना वर्तमानपत्रात पानभर असायच्या. १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले तोवर कित्येकांचे पैसे गेले होते. तात्यांनी कुठल्या कंपनीत पैसे घातले नव्हते, स्वतःच्याच रानात रोपं लावली होती, म्हणून त्यांच्याकडे निदान झाडं तरी होती. मी बघायला गेले. सहा-सहा फुटांवर लावलेली, एकही मधलं झाड काढलेलं नाही, सगळी उजेडासाठी वर पळालेली. छातीएवढ्या उंचीवर टेप लावला तर गोलाई चोवीस इंच. आणि त्याच रानात विहिरीच्या कडेला, मोकळ्यात, त्याच वर्षी लावलेले काही साग होते. त्यांची गोलाई अठ्ठेचाळीस.

तात्या म्हणाले, "विहिरीकडची दुप्पट जाड, म्हणजे दुप्पट पैसे."

आमचं मोजमाप असं चालतं. ओंडक्याच्या मध्यावर गोलाई इंचात घ्यायची, तिचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा, त्याला फुटातल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. दहा फुटांचा ओंडका घ्या. गोलाई ४८ असेल तर चौथा भाग १२, त्याचा वर्ग १४४, म्हणजे बरोबर १० घनफूट. गोलाई २४ असेल तर चौथा भाग ६, वर्ग ३६, म्हणजे अडीच घनफूट. गोलाई निम्मी, लाकूड पाव. शिवाय बारीक सागात कडेचं पांढरं जास्त आणि गाभा बोटाएवढा, त्याची चौकटही धड निघत नाही, म्हणून घनफुटाचा भावही कमी. तात्यांना मी हे वहीत मांडून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ वहीकडेच बघत बसले. मग म्हणाले, "हे रोपं देणाऱ्याने नव्हतं सांगितलं. विरळणी कर, असंही नव्हतं सांगितलं."

(या मोजमापात आणखी एक गंमत आहे, ती शेतकऱ्यांना माहीत असावी. ४८ गोलाईच्या दहा फुटी ओंडक्यात भूमितीप्रमाणे पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असतं. आम्ही दहाचे पैसे देतो. गोल ओंडका चौकोनी करताना जे बाजूला पडतं ते यात आधीच वजा झालेलं असतं. इंग्रजांच्या काळापासूनची पद्धत आहे, सगळा बाजार त्यावर चालतो, पण फुकट जातं म्हणतात ते पाठ्याचं लाकूड आणि भुसा आम्ही पुन्हा विकतोच.)

तर टंचाई आहे ती जाड, सरळ, कमी गाठींच्या ओंडक्याची. आणि सुकाळ आहे तो बारीक, वाकड्या, लवकर तोडलेल्या लाकडाचा. दोन्ही एकाच तालुक्यात, एकाच महिन्यात असतात. पॅलेटवाल्याला वर्षभर एकाच मापाची पट्टी लागते. आज आंबा, उद्या निलगिरी, परवा काहीच नाही, असं त्याला चालत नाही. न्यूझीलंडचा पाइन तसा मिळतो, म्हणून तो इतका समुद्र ओलांडून येऊनही परवडतो. निर्यातीच्या पॅलेटला तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवून शिक्का मारावा लागतो. त्या भट्टीत एकसारखा माल टाकणं सोपं.

सागाचं थोडं वेगळं आहे. गिऱ्हाईक अजूनही 'बर्मा टीक' मागतं. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, त्याला आता दशक उलटलं, पण नाव काही जात नाही. त्या बंदीचा फटका सागापेक्षा प्लायवुडला जास्त बसला, कारण प्लायच्या वरचा पापुद्रा, ज्याला 'फेस' म्हणतात, तो तिकडच्या गर्जनच्या झाडाचा असायचा. मग कारखान्यांनी लाओस धरला, इतर झाडं धरली, काहींनी म्यानमारमध्येच पापुद्रे काढायची मशीन टाकली. दुकानात "सातशे दहा द्या" म्हणणाऱ्याला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय हवा असतो. त्याच्या पोटात कुठलं झाड आहे, हे तो कधी विचारत नाही. पोटात बहुतेक निलगिरी किंवा पॉपलर असतो, आणि तो आपल्याच शेतकऱ्याचा असतो.

पॉपलरची गोष्ट माहीत असायला हवी. आपल्या हवेत तो होत नाही, पण पंजाब, हरियाणा आणि हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत शेतकऱ्यांनी तो गव्हाबरोबर लावला. हिवाळ्यात पानं गळतात, गव्हाला ऊन मिळतं. विमको या काडेपेटीच्या कंपनीने ऐंशीच्या दशकात रोपं दिली, नाबार्डच्या पाठबळाने बँकेचं कर्ज मिळालं, आणि ठरलेल्या भावाने परत घ्यायची हमीही होती. पाच ते आठ वर्षांत झाड तयार. पुढे हरियाणातलं यमुनानगर प्लायवुडची पेठ झालं. तिथे माल क्विंटलवर विकतात आणि जाडीप्रमाणे ओव्हर, अंडर, सोख्ता असे भाव पडतात. पत्रकवाल्यांना पॉपलर दाखवायला आवडतो. भाव चढला, सगळ्यांनी एकाच वेळी लावला, सगळ्यांचा एकाच वेळी तयार झाला आणि भाव पडला, असं तिथे एकदा नाही, दोनदा झालं, हे मात्र ते सांगत नाहीत. पडल्यावर लोकांनी झाडं काढून टाकली. पाच-सहा वर्षांनी माल कमी पडला आणि भाव पुन्हा चढला. तोवर काढणाऱ्याच्या रानात ऊस.

निलगिरीचंही ऐंशीच्या दशकात हेच. सामाजिक वनीकरणाच्या लाटेत उत्तरेत आणि गुजरातेत शेतकऱ्यांनी अमाप निलगिरी लावली. बल्ल्यांचा, म्हणजे सरळ बारीक खांबांचा, बाजार केवढा, हे कुणी मोजलंच नव्हतं. तिकडे कागद कारखान्यांना सरकारी जंगलातला बांबू आणि लाकूड सवलतीच्या दरात मिळत होतं, मग ते शेतकऱ्याला चांगला भाव कशाला देतील? दशक संपायच्या आत भाव कोसळले आणि लोकांनी बुंधे उपटून काढले. आपल्याकडे नाशिक भागात विनायकदादा पाटलांनी निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी केली होती, ते मला शहाणपणाचं वाटतं. एकट्या शेतकऱ्याच्या शंभर बल्ल्यांना ठेकेदार सांगेल तो भाव. शंभर जणांच्या बल्ल्या एका जागी आल्या की निदान बोलणी तरी होतात. आंध्रात, तमिळनाडूत कागद कारखान्यांनी नंतर स्वतःच चांगली रोपं देऊन निलगिरी, सुरू, सुबाभूळ लावून घेतली, कारण सवलतीचं जंगल संपत आलं होतं. माझं मत विचाराल तर सवलत बंद होण्याइतका उपयोग कुठल्याच योजनेचा झाला नाही.

ज्वारीचा भाव पडला तर पुढच्या हंगामात हरभरा करता येतो. झाडाच्या बाबतीत आज ठरवलेलं दहा वर्षांनी बाजारात येतं, आणि त्या दहा वर्षांत बाजार तुमची वाट बघत थांबत नाही. चौकटी पूर्वी सागाच्या असत, आता लोखंडी पत्र्याच्या, सिमेंटच्या, ग्रॅनाइटच्या बसतात. खिडक्या ॲल्युमिनियमच्या. कपाटं एमडीएफची, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांची, आणि एमडीएफला जाड ओंडका लागतच नाही, फांद्या आणि चिपाडही चालतं. सरकारी इमारतींत तर केंद्रीय बांधकाम विभागाने १९९३ मध्ये लाकूड वापरायलाच बंदी केली होती, जंगल वाचावं म्हणून. ती २०२० मध्ये उठली. सत्तावीस वर्षांत सुतारांची एक पिढी दुसऱ्या धंद्यात गेली.

उलट बाजूही होते. २०२३ मध्ये चंद्रपूर भागातला साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला, नव्या संसदेतही नागपूरचा साग लागला. त्या बातम्यांनंतर आमच्याकडे लोक 'तोच साग' मागायला आले. देवघराच्या चौकटीसाठी. आहे तेवढा दिला.

जळाऊ लाकडाबद्दल कुणी फोन करत नाही, पण वजनात बघितलं तर खरा वापर तिथे आहे. वर म्हटलं त्याच २०११ च्या अहवालात देशातला सरपणाचा वापर वर्षाला सुमारे २१.६ कोटी टन दिला आहे, आणि त्यातलं जवळपास ५.९ कोटी टन जंगलातून येतं. २०१६ पासून उज्ज्वलाचे सिलेंडर घरोघर गेले, पण आमच्या भागात सिलेंडर चहाला आणि चूल अंघोळीच्या पाण्याला, अशी वाटणी बऱ्याच घरांत आहे. हे सरपण बायका डोक्यावर आणतात, त्याचं बिल होत नाही, म्हणून बाजारभावात ते कुठे दिसत नाही. बिल होतं ते वीटभट्टीच्या लाकडाचं. कुंभार्ली घाट चढून कोकणातलं इंजायली, म्हणजे मिसळीचं लाकूड, येतं. किंजळ, ऐन, आंबा, जे हाताला लागेल ते. कोकणातली जंगलं बरीचशी खाजगी मालकीची. मालक मुंबईला, ठेकेदार गावात, डोंगर एकगठ्ठा विकला जातो. पन्नास वर्षांचा किंजळ वजनावर विकलेला बघितला की मला राग येतो. तोच ओंडका कापून सुकवला तर त्याचे वासे पिढीभर टिकतात, पण कापायला परवाना, सुकवायला जागा आणि थांबायला पैसे लागतात. भट्टीवाला रोख देतो.

कागदांचा विषय टाळता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत सोळा झाडं आहेत: साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ वगैरे. स्वतःच्या शेतात स्वतः लावलेलं असलं तरी परवानगी लागते. सागासाठी सातबारा, नकाशा, मोजणी, हातोड्याची खूण, मग वाहतूक पास. एका शेतकऱ्याचा साग तोडून रानात पडला आणि पासाचा कागद एका कार्यालयात अडकला, पाऊस लागला, सगळा माल काळा पडला. त्याने घेतलेला धडा असा की उरलेली झाडं उभ्यानेच ठेकेदाराला दिली. ठेकेदार कागदाची कटकट घेतो आणि तिची पुरेपूर किंमत वसूल करतो. निलगिरी, सुबाभूळ यादीत नाहीत, म्हणून लोक तेच लावतात. कुठलं झाड जमिनीला बरं, हा विचार नंतरचा. बांबूचं उदाहरण घ्या. कायद्यात तो 'झाड' होता. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू त्यातून सुटला. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली स्वतःचा बांबू स्वतःच्या पासवर विकायला मिळाला तो २०११ मध्ये, तोही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा.

तर महोगनी. आमच्या वखारीत शेतातली महोगनी विकायला अजून कुणी आणलेली नाही, म्हणून भाव सांगायला माझ्याकडे काही नाही. मी काय विकत घेईन, तेवढं सांगू शकते. आठ-दहा फूट सरळ, फांदीविना वाढलेला, ४८ च्या पुढच्या गोलाईचा ओंडका. तो सागाचा, शिवणचा, आंब्याचा, बाभळीचा किंवा कडुनिंबाचा असला तरी मी फाटक उघडेन, आणि तुमची महोगनी तशी झाली तर तीही घेईन. बारीक मालासाठी मात्र आधी कारखाना शोधा: प्लायचा, एमडीएफचा, कागदाचा. तो ट्रकभाड्याला परवडेल इतका जवळ नसेल तर बारीक लाकूड म्हणजे सरपण. रोपवाटिकेवाला परत घेण्याची हमी देत असेल तर त्याने आजवर ज्याचा तयार माल घेतला अशा एका शेतकऱ्याचं गाव विचारा आणि त्या गावी जाऊन या.

आणि लावलंच, तर त्याच वर्षी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या, संख्येसकट. तोडायच्या वेळी नोंद नसली की चकरा वाढतात, आणि तोवर ज्याने रोपं लावली त्याचा मुलगा पुण्याला असतो.